डेप्थ पासच्या कडा का बिघडतात आणि कशा राखायच्या

रेंडरमधून, म्हणजे त्रिमितीय दृश्यावरून संगणकाने काढलेल्या चित्रासोबत, निघालेला डेप्थ पास (रंगाऐवजी अंतर साठवणारा थर) पहिल्यांदा मोठा करून पाहिला की नवशिक्याला एकच शंका येते. रंगाचं चित्र इतकं सुबक, मग याच्या कडा अशा दातेरी का? लगेच सेटिंग्ज धुंडाळणं सुरू होतं, कुठेतरी फिल्टरिंगची खूण सापडते, ती केली की कडा मऊ होतात आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. कॉम्पमध्ये, म्हणजे रेंडरचे थर एकत्र जोडताना, डिफोकस (फोकसबाहेरचं धूसर करणं) लावला की प्रत्येक वस्तूभोवती एक विचित्र रेघ उमटते आणि ती काही केल्या जात नाही.

मुंबई-पुण्यातल्या स्टुडिओंमध्ये कॉम्पिंगला नव्याने लागलेली मुलं-मुली या रेघेपाशी हमखास अडतात. म्हणून हा विषय मुळापासून आणि हाताने करून बघता येईल असा मांडतो आहे. उदाहरणं ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररवर घेतली आहेत, कारण ते फुकट आहे आणि घरच्या संगणकावर चालतं. न्यूक (कॉम्पिंगचं सॉफ्टवेअर) आणि अर्नॉल्ड, व्ही-रे (रेंडरर) वापरणाऱ्यांसाठी जागोजागी सांगत जाईन.

आधी कारण समजून घ्या

डेप्थ पास, म्हणजेच झेड पास, दिसतो चित्रासारखा, पण ते चित्र नव्हे. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये एक मोजमाप असतं: इथे दिसणारा पृष्ठभाग कॅमेऱ्यापासून किती लांब आहे. ही कल्पना जुनी आहे. एड कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात झेड-बफर मांडला, तेव्हा त्याचं काम एवढंच होतं की दोन वस्तूंपैकी पुढची कोणती हे ठरवायचं. आज कॉम्पमध्ये त्याच आकड्यांवर आपण धुकं चढवतो, डिफोकस करतो, लांबचे डोंगर निळसर करतो.

अँटी-एलियसिंगमध्ये, म्हणजे दातेरी कडा गुळगुळीत करताना, एका पिक्सेलच्या आत अनेक सॅम्पल (नमुना-बिंदू) घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. रंगासाठी हे बरोबरच आहे. पिक्सेलचा अर्धा भाग लाल खांबाने आणि अर्धा भाग करड्या भिंतीने व्यापला असेल, तर त्या जागेतून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश खरोखरच दोघांची बेरीज असतो.

अंतराचं तसं नाही. खांब २ मीटरवर आहे, भिंत ५० मीटरवर. सरासरी आली २६ मीटर. पण २६ मीटरवर काहीच नाही! एक भाऊ मुंबईत, दुसरा पुण्यात, आणि हिशेब करून सांगायचं की दोघे लोणावळ्यात राहतात, असा हा प्रकार.

आता ही खोटी २६ कुठे नडते ते आकड्यांतच बघा. डिफोकसमध्ये एखादा बिंदू किती पसरेल हे साधारणपणे फोकसच्या अंतराचा व्यस्त आणि त्या बिंदूच्या अंतराचा व्यस्त यांच्यातल्या फरकावर ठरतं. फोकस भिंतीवर, म्हणजे ५० मीटरवर ठेवा. खांबासाठी तो फरक ०.५ वजा ०.०२, म्हणजे ०.४८, खांब चांगलाच धूसर होणार. कडेवरच्या खोट्या पिक्सेलसाठी मात्र ०.०३८५ वजा ०.०२, म्हणजे जेमतेम ०.०१८५. तो पिक्सेल जवळजवळ धारदारच राहतो. धूसर खांबाच्या अंगावर खांबाच्याच रंगाची एक बारीक, टोकदार रेघ उमटते ती ही. उलट फोकस खांबावर ठेवला तर कडेचा पिक्सेल भिंतीइतकाच पसरतो, खांबाचा रंग बाहेर सांडतो आणि खांबाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते.

इतकं ध्यानात आलं की पुढचं सगळं त्यातूनच निघतं. डेप्थमध्ये सरासरी शिरू द्यायची नाही. जी काही मऊ करायची ती त्या डेप्थवरून तयार झालेली प्रतिमा, आणि तीही अगदी शेवटी.

पायरी १: चाचणीचं साधं दृश्य

थेट शॉटवर हात घालू नका. कॅमेऱ्यासमोर २ मीटरवर एक बारीक खांब उभा करा आणि थोडा तिरका झुकवा. उभ्या-आडव्या सरळ कडेवर दोष लपतो, तिरक्या कडेवर लपत नाही. मागे ५० मीटरवर कॅमेऱ्याला अगदी समोरासमोर असलेली एक मोठी भिंत ठेवा. भिंतीच्या वर थोडं मोकळं आकाश दिसू द्या. खांबाला एक रंग, भिंतीला त्याच्याशी पटकन वेगळा दिसणारा दुसरा.

कॅमेऱ्यातला डेप्थ ऑफ फील्ड (फोकसबाहेरचा धूसरपणा) बंद ठेवा, मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) हाही बंद. सायकल्सचा झेड पास प्रत्येक पिक्सेलसाठी एकाच सॅम्पलवरून भरला जातो. कॅमेऱ्यातच धूसरपणा चालू असेल तर ते एक सॅम्पल कुठेही जाऊन पडतं आणि पासमध्ये नुसता चुरा दिसतो.

पायरी २: पास चालू करा आणि आकडे वाचा

व्ह्यू लेयर प्रॉपर्टीजमध्ये पासेस, त्याखाली डेटा, तिथे झेड आणि मिस्ट (अंतरानुसार धुक्याचं प्रमाण सांगणारा पास) या दोन्हींवर खूण करा. मिस्ट चालू केला की त्याची सेटिंग्ज वर्ल्ड प्रॉपर्टीजमध्ये दिसू लागतात: स्टार्ट, डेप्थ आणि फॉलऑफ (धुकं कसं दाटत जातं). मुळात स्टार्ट ५ मीटर आणि डेप्थ २५ मीटर असते, म्हणजे ३० मीटरच्या पुढचं सगळं पूर्ण धुक्यात. आपली भिंत ५० मीटरवर आहे, म्हणून स्टार्ट ० आणि डेप्थ १०० करा, फॉलऑफ तूर्त लिनियर.

रेंडर झालं की इमेज एडिटरमध्ये सॅम्पल टूल घेऊन एकेका पिक्सेलवर जा. ही सवय सुरुवातीपासून लावून घ्या; डेप्थ पास डोळ्यांनी तपासायचा नसतो, आकड्यांनी तपासायचा असतो. झेडमध्ये खांबावर २ च्या आसपास, भिंतीवर ५०, आणि कडेवर यांपैकी एकच काहीतरी मिळेल, मधलं काही नाही. आकाशावर १ वर दहा शून्यं एवढा प्रचंड आकडा दिसेल. तिथे काहीच लागलं नाही, असा त्याचा अर्थ. मिस्टमध्ये मात्र खांबावर ०.०२, भिंतीवर ०.५ आणि कडेवर मधले सगळे आकडे मिळतील. झेडवर अँटी-एलियसिंग नाही आणि मिस्टवर आहे, याचा हा धडधडीत पुरावा.

भिंतीचा मधला बिंदू आणि कोपऱ्याजवळचा बिंदूही तपासून बघा. झेडमध्ये दोन्हीकडे ५०च येतं, कारण ते कॅमेऱ्याच्या अक्षावर मोजलेलं अंतर आहे. मिस्टमध्ये कोपऱ्याकडे आकडा वाढतो, कारण तिथे कॅमेऱ्यापासून त्या बिंदूपर्यंतचं सरळ अंतर धरतात. दुसऱ्या रेंडररमधून आलेला पास कोणत्या जातीचा आहे हे कळायला या सपाट भिंतीसारखी दुसरी चाचणी नाही.

पास डोळ्यांनी बघायचाच असेल तर नॉर्मलाइझ नोडऐवजी (नोड म्हणजे कॉम्पमधली एकेक क्रिया) मॅप रेंज वापरा आणि ० ते ६० ही मर्यादा स्वतः द्या. नॉर्मलाइझ प्रत्येक फ्रेमचा लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आकडा नव्याने शोधतो. स्थिर चित्रात चालून जातं. हलत्या शॉटमध्ये एखादी वस्तू फ्रेममध्ये शिरली की सगळ्या पासची उजळी बदलते.

पायरी ३: साठवताना कंजुषी नको

पीएनजी नको. आठ बिटांच्या चित्रात २५६ पायऱ्या असतात. १०० मीटरचं दृश्य त्यात कोंबलं तर एक पायरी जवळपास ४० सेंटीमीटरची झाली. ओपनईएक्सआर मल्टिलेयर निवडा, फुल फ्लोट म्हणजे ३२ बिट, आणि कॉम्प्रेशन झिप.

सोळा बिटांचा हाफ फ्लोट रंगाला उत्तम, डेप्थला तोकडा. त्यात ६४ ते १२८ या आकड्यांमधली पायरी एक-सोळांशाची असते, म्हणजे मीटरमध्ये मोजत असाल तर सहा सेंटीमीटरहून थोडी जास्त. १०२४ च्या पुढे तर पायरी अख्ख्या १ ची. शिवाय त्यात ६५५०४ च्या वर आकडा मावतच नाही. मायासारख्या सेंटीमीटरमध्ये चालणाऱ्या दृश्यात ६५५ मीटरच्या पलीकडचं सगळं अनंत होऊन बसतं.

डेप्थवर डीनॉइझ (दाणे पुसणं) करायचं नाही. रंगव्यवस्थापनही नाही; फाइल बाहेरून परत आणताना तिची कलर स्पेस नॉन-कलर ठेवा.

पायरी ४: काम कोणतं, त्यावर पास ठरवा

धुक्यासाठी मिस्ट वापरा, अगदी निःशंकपणे. इथे अँटी-एलियसिंग हवंच आहे. मिस्टमध्ये सरासरी अंतराची होत नाही, धुक्याच्या प्रमाणाची होते. आधी प्रत्येक सॅम्पलला किती धुकं लागतं ते ठरतं आणि मग त्यांची सरासरी निघते. त्या पिक्सेलमध्ये धुक्याचा वाटा किती, याचं ते उत्तर अचूक असतं. वस्तूंच्या रंगाचा वाटा कडेवर किंचित इकडे-तिकडे होतो, पण डोळ्याला तो सहसा जाणवत नाही. फक्त फॉलऑफची वक्ररेषा रेंडर करतानाच ठरवून टाका. सरासरी झाल्यावर कॉम्पमध्ये वक्ररेषा फार वाकवली की कडा पुन्हा चुकायला लागतात. अंतरानुसार कलर करेक्शन, लांबचं फिकट करणं, हीही याच घरातली कामं.

डिफोकससाठी मिस्ट वापरू नका. मिस्टला शंभराने गुणून मीटर काढायचे आणि ते डिफोकस नोडला द्यायचे, ही युक्ती सर्रास चालते. कडा छान मऊ दिसतात म्हणून ती पटतेही. पण त्या मऊ कडेतच आपली २६ मीटरची गोष्ट दडलेली आहे. डिफोकसला, आणि वस्तूची त्रिमितीतली जागा लागणाऱ्या कोणत्याही कामाला, झेडच द्या.

इतर रेंडररमध्ये या निवडीची नावं वेगळी आहेत. अर्नॉल्डमध्ये झेड एओव्हीला (तिथे पासला एओव्ही म्हणतात) क्लोजेस्ट फिल्टर लागतो, म्हणजे पिक्सेलमधलं सर्वांत जवळचं सॅम्पल. तो तसाच राहू द्या. व्ही-रेच्या झेड-डेप्थ एलिमेंटमध्ये फिल्टरिंगची खूण असते, ती डिफोकससाठी काढा. रेडशिफ्टमध्ये फुल, मिन, मॅक्स आणि सेंटर सॅम्पल असे पर्याय दिसतील; त्यातला फुल म्हणजे सरासरी, तो सोडून द्या.

पायरी ५: मग दातेरी कडांचं काय?

आता मूळ तक्रारीकडे येऊ. झेड शुद्ध आहे, पण त्यावर डिफोकस केला तर दाते चित्रात उतरतात. यावर सर्वांत सोपा आणि भरवशाचा उपाय म्हणजे सगळं दुप्पट आकारात करणं.

आउटपुट प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशनची टक्केवारी २०० करा. १९२० बाय १०८० चं चित्र ३८४० बाय २१६० होईल, म्हणजे पिक्सेल चौपट. वेळही चौपट लागेल असं वाटतं, पण सॅम्पल तितकेच कमी करता येतात. २५६ ऐवजी ६४ ठेवा. शेवटी चार पिक्सेलांचा एक होणार आहे, त्यामुळे दाणा जवळपास पूर्वीइतकाच राहतो आणि वेळही फारसा वाढत नाही. संगणकाची मेमरी मात्र जास्त लागते. जड दृश्यात ग्राफिक्स कार्डाची मेमरी आधी बघून घ्या.

कॉम्पमध्ये क्रम असा: दुप्पट आकाराचा रंग, दुप्पट आकाराचा झेड, त्यांवर डिफोकस, आणि अगदी शेवटच्या नोडवर चित्र निम्मं. ब्लेंडरच्या डिफोकस नोडमध्ये झेड-बफर वापरण्याची खूण करा आणि मॅक्स ब्लर पिक्सेलमध्ये असतो हे विसरू नका. आकार दुप्पट, तर तोही दुप्पट. चित्र निम्मं होताना रंगांची सरासरी होते, दाते विरघळतात, आणि डेप्थला कुणी हातही लावलेला नसतो.

कॉम्पमध्ये डेप्थचा आकार बदलायची वेळ आलीच तर ब्लेंडरमध्ये इंटरपोलेशन निअरेस्ट ठेवा, न्यूकच्या रिफॉर्मॅटमध्ये फिल्टर इम्पल्स. रेंडरमध्ये सगळं सांभाळून इथे शेजारचे आकडे मिसळणारा क्यूबिक फिल्टर लागला तर केलेलं सगळं पाण्यात. लेन्स डिस्टॉर्शन चढवतानाही हीच काळजी घ्या; तिथेही पिक्सेल हलतात आणि हलताना मिसळतात.

सायकल्सच्या झेडची कड कधी कधी नुसती दातेरी नसते, खरखरीतही असते. कारण ते एक सॅम्पल पिक्सेलच्या मध्यावर न पडता फिल्टरच्या रुंदीत कुठेही पडतं, आणि ती रुंदी मुळात दीड पिक्सेल असते. अगदी स्वच्छ झेड हवा असेल तर त्याचं वेगळं रेंडर काढा: सॅम्पल १, फिल्म विभागात पिक्सेल फिल्टरची रुंदी ०.०१. प्रकाशाचा फारसा हिशेब नसल्याने ते चटकन होतं.

पायरी ६: पुढचं वेगळं, मागचं वेगळं

दुप्पट आकाराने कड पुष्कळ सुधारते, पण एक उणीव राहतेच. कडेच्या पिक्सेलचा रंग दोन वस्तूंचा मिश्र आहे आणि अंतर एकाचंच. शिवाय पुढचा खांब धूसर होऊन पसरला की त्याच्या कडेमागची भिंत दिसायला हवी, आणि ती तर रेंडरच झालेली नाही. शॉट महत्त्वाचा असेल तर थर वेगळे काढा. माझ्या मते डिफोकसच्या कामात एवढा मोबदला देणारी दुसरी मेहनत नाही.

खांब एका कलेक्शनमध्ये, भिंत दुसऱ्यात, आणि दोन व्ह्यू लेयर. खांबाच्या थरात भिंतीचं कलेक्शन पूर्ण वगळण्याऐवजी इनडायरेक्ट ओन्ली करा, म्हणजे भिंतीवरून येणारा उजेड खांबावर राहतो. भिंतीच्या थरात खांबाचंही तसंच, म्हणजे त्याची सावली भिंतीवर टिकते. फिल्म विभागात ट्रान्सपरंट चालू करा आणि दोन्ही थरांचा झेड घ्या.

खांबाच्या थरातला झेड बघितलात तर कडेचे काही पिक्सेल अर्धे भरलेले असूनही तिथे अंतर आकाशाचं आलेलं दिसेल. ते तसंच डिफोकसमध्ये गेलं तर तेवढेच पिक्सेल भलतेच पसरतील. म्हणून खांबाचं अंतर बाहेरच्या बाजूला दोन पिक्सेल वाढवा: डायलेट-इरोड नोडने शेजारचा लहानात लहान आकडा उचलायचा. इथे ते निर्धोक आहे, कारण झेडमध्ये खोटा मधला आकडा एकही नाही. कड नेमकी कुठे संपते हे आता अल्फा (पिक्सेल किती भरलेला आहे ते सांगणारा आकडा) ठरवेल, डेप्थ नव्हे. मग दोन्ही थरांवर वेगवेगळा डिफोकस करा आणि अल्फा ओव्हरने खांब भिंतीवर ठेवा.

हातात आधीच बिघडलेला पास आला तर

हेही वारंवार घडतं. समोरच्याने फिल्टर केलेला डेप्थ पाठवलेला असतो आणि पुन्हा रेंडर करायला वेळ नसतो. अशा वेळी काही जण सरळ इरोड लावतात, म्हणजे शेजारचा लहान आकडा पसरवतात. त्याने रेघ जात नाही, एक पिक्सेल बाहेर सरकते. २६ चा शेजारी असलेली ५० आता २६ होते.

त्याऐवजी दोन प्रती काढा. एका प्रतीत प्रत्येक पिक्सेलला दोन पिक्सेलांच्या परिसरातला सर्वांत लहान आकडा द्या, दुसरीत सर्वांत मोठा. मग मूळ आकडा ज्याच्या जवळ असेल तो निवडा. १८ असेल तर २ जवळ, म्हणून २. ३४ असेल तर ५० जवळ, म्हणून ५०. शुद्ध ५० च्या परिसरात १८ आला तरी ती ५०च राहते. न्यूकमध्ये इरोड, डायलेट आणि एक मर्ज एक्स्प्रेशन एवढ्यात हे बसतं. ब्लेंडरमध्ये मॅथ नोड जोडून करता येतं. दोन पिक्सेलांपेक्षा बारीक वस्तू यात पुसल्या जाऊ शकतात, तेवढं बघून घ्या.

फिल्टर केलेला पास एकाच वस्तूच्या वेगळ्या थराचा असेल आणि त्याची पार्श्वभूमी शून्य असेल, तर काम आणखी सोपं. डेप्थला अल्फाने भागा. अर्ध्या भरलेल्या पिक्सेलमध्ये २ चा १ झालेला असतो, ०.५ ने भागलं की २ परत हातात. न्यूकमध्ये अनप्रीमल्ट नोडला डेप्थ चॅनल दिलं की झालं.

केस, गवत, धूर

इथे मात्र वरचं काहीच पुरत नाही. पिक्सेलपेक्षा बारीक केस एका फ्रेममध्ये सॅम्पलला लागतो, दुसऱ्यात हुकतो, आणि झेड लुकलुकत राहतो. धुराला तर एक अंतर नसतंच. केसाळ पात्र जवळून दाखवायचं असेल आणि फोकस पुढे बदलणार नसेल, तर डेप्थ ऑफ फील्ड सरळ कॅमेऱ्यातच रेंडर करा. नव्या माणसाला मी हाच सल्ला देईन. सपाट पृष्ठभागावर पारदर्शक चित्र चिकटवून केलेली पानं असतील तर व्ह्यू लेयरमधला अल्फा थ्रेशोल्ड बघा. मुळात तो ०.५ असतो आणि त्यापेक्षा पारदर्शक भाग झेडमध्ये धरला जात नाही.

मोठ्या स्टुडिओंचा मार्ग डीप डेटाचा आहे. २०१३ मध्ये आलेल्या ओपनईएक्सआर २.० पासून एका पिक्सेलमध्ये हवी तेवढी सॅम्पल, प्रत्येकाचं अंतर आणि अल्फा यांसह साठवता येतात. २ आणि ५० दोन्ही जागच्या जागी राहतात, सरासरीचा प्रश्नच उरत नाही. अर्नॉल्ड, रेंडरमॅन, व्ही-रे यांतून अशी फाइल निघते आणि न्यूकमध्ये डीप मर्ज, डीप रिकलर, डीप टू इमेज या नोडनी ती हाताळतात. फाइल मात्र अवाढव्य होते. केस आणि धूर असलेल्या शॉटला डिस्क आणि नेटवर्क दोन्ही घामाघूम होतात. ब्लेंडरमध्ये ही सोय अंगभूत नाही, म्हणून सुरुवातीला तिच्यामागे लागू नका.

पास पुढे देताना

डेप्थ पास दुसऱ्याच्या हाती देत असाल तर फाइलसोबत चार ओळींची चिठ्ठी द्या. एकक मीटर की सेंटीमीटर. अंतर अक्षावरचं की सरळ. फिल्टर आहे की नाही. जवळचा आकडा लहान की मोठा. शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण न्यूकचा स्वतःचा थ्रीडी रेंडर अंतराचा व्यस्त देतो, तिथे लांबचं म्हणजे शून्य, आणि झेडडिफोकस नोडमध्ये मॅथ हा पर्याय त्यानुसार बदलावा लागतो. आपल्या चाचणीच्या दृश्यासाठी ती चिठ्ठी अशी होईल: «झेड, ३२ बिट, मीटर, अक्षावरचं अंतर, फिल्टर नाही, जवळचं लहान, आकाशाला १ वर दहा शून्यं, आकार २०० टक्के, डिफोकसनंतर निम्मा करणे.»